जुनी आलिशान मोटार : खरेदीपूर्वी करावयाचा विचार

प्रस्तुत स्मरणिकेसाठी सभासदांच्या उपयोगी पडेल असे काही लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना आली तेव्हा तूर, हरभरा आणि ज्वारी हेच विषय प्रथम मनात आले. परंतु ते विषय आमच्या व्यापारी बंधूंना आमच्याइतकेच, किंबहुना अधिक, अवगत आहेत. उलट, गेल्या काही वर्षांत उस्मानगंजापासून बंजारा हिल्सपर्यंत सभासदांच्या घरोघरी एका निराळ्याच खरेदीची चर्चा ऐकू येते. ती खरेदी म्हणजे दुसऱ्याने वापरलेल्या, परदेशी बनावटीच्या आलिशान मोटारीची. नवी घेतल्यास कोटी-दीड कोटी मोजावे लागतील अशी मोटार तीस-चाळीस लाखांत मिळते, हे ऐकून तरुण मंडळींचे डोळे दिपतात. आणि वडील मंडळी 'नको' एवढा एकच शब्द उच्चारून वहीत डोके घालतात. आमच्या मते दोन्ही पक्षांचा मार्ग अपुरा आहे. माल न पाहता घेणे जसे व्यापाऱ्यास शोभत नाही, तसेच माल न पाहता नाकारणेही शोभत नाही. म्हणून या विषयाची जी माहिती आम्ही मिळविली ती येथे क्रमाने मांडीत आहोत.

या मोटारींचे कुळ

ज्या मोटारींविषयी आपण बोलत आहोत त्यांना 'ग्रँड टूरिंग' अथवा इटालियन भाषेत 'ग्रान तुरिस्मो' म्हणतात. सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्लंडमधील श्रीमंत घराण्यांतील तरुण शिक्षण पुरे होताच युरोपचा मोठा प्रवास करीत. त्या प्रवासावरून हे नाव पडले. शर्यतीच्या मोटारीचा वेग आणि घरच्या दिवाणखान्याचा आराम एकत्र करून एका दिवसात शेकडो मैल न थकता जाता यावे, हा या मोटारींचा मूळ हेतू. इटलीतील लान्सिया कंपनीची १९५१ सालची 'ऑरेलिया बी-२० जीटी' ही या जातीतील आद्य मोटारींपैकी एक समजली जाते. इंग्लंडमध्ये बेंटले कंपनीने १९५२ साली 'आर टाइप कॉन्टिनेंटल' काढली. अशा मोटारी जेमतेम दोनशेच्या घरात तयार झाल्या. त्याच कंपनीची २००३ सालची 'कॉन्टिनेंटल जीटी' ही आजच्या जुन्या बाजारात नेहमी नाव निघणारी मोटार. तिला सहा लिटरचे बारा सिलिंडरांचे इंजिन, दोन टर्बो, चार आसने, आणि वजन दोन टनांहून अधिक.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. 'जीटी' ही अक्षरे मागे लावली म्हणजे मोटार त्या कुळातली झाली असे नव्हे. बीएमडब्ल्यू कंपनीच्या तीन आणि सहा मालिकांतील 'ग्रान तुरिस्मो' या मोटारी मागे उघडणाऱ्या मोठ्या दाराच्या, ऐसपैस कुटुंबोपयोगी गाड्या आहेत. त्यांचा स्वभाव बेंटले अथवा मासेराटी यांच्या दोन दारांच्या मोटारीहून सर्वस्वी निराळा. वाईट त्या मुळीच नव्हेत. आपल्यासारख्या एकत्र कुटुंबांस कदाचित त्याच अधिक सोयीच्या. तथापि आपण काय घेत आहोत हे नावावरून न ठरविता वस्तूवरून ठरवावे.

आपल्या शहराला आलिशान मोटारींचे अप्रूप नवे नाही. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्यासाठी इंग्लंडहून रोल्स-रॉइस मोटार मागविण्यात आली होती. मात्र १९११ साली त्यांचे निधन झाले आणि मोटार त्यानंतर येऊन पोचली. १९१२ सालच्या बनावटीची ती पिवळी मोटार चौमहल्ला राजवाड्यात आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. सिंहासनासारखे आसन असलेली ही गाडी मिरवणुकीपुरती वापरली गेल्याने तिचे धावणे फारच थोडे झाले. या गोष्टीतून घेण्यासारखा बोध असा की, मोटार थोडी चालली म्हणजे ती उत्तम राहिली, असा हिशेब निजामाच्या खजिन्याला परवडतो, आपल्याला नाही. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या मोटारीचे रबर कडक होते, तेल साका धरते, बॅटरी मरते. वखारीत दोन पावसाळे पडून राहिलेला हरभरा वजनाला तेवढाच भरतो, पण भोक पडलेला दाणा आत दडलेला असतो; तशातलाच हा प्रकार.

एकजुटीची खरेदी आणि एकट्याची खरेदी

व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन आलिशान मोटारी घेतल्याची दोन उदाहरणे सर्वश्रुत आहेत. पहिले आपल्या जुन्या हैदराबाद संस्थानातलेच. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर, येथील उद्योजक, व्यापारी आणि व्यावसायिक यांनी मिळून दीडशेच्या आसपास मर्सिडीज मोटारी एकाच वेळी घेतल्या. व्यवहार सुमारे ६५ कोटी रुपयांचा होता आणि स्टेट बँकेने त्यासाठी सात टक्के व्याजाने कर्ज दिले होते. त्याच मराठवाड्यात शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरास मात्र सुमारे १२ टक्के व्याज पडते, याकडे पत्रकार पी. साईनाथ यांनी तेव्हा लक्ष वेधले होते. ज्यांच्या ज्वारी-तुरीवर आपला व्यापार उभा आहे त्यांच्याविषयीची ही गोष्ट आपण विसरू नये, इतकेच आम्ही येथे म्हणतो.

दुसरे उदाहरण अलीकडचे. २०२५ सालाच्या पूर्वार्धात जैन इंटरनॅशनल ट्रेड ऑर्गनायझेशन या संस्थेच्या सभासदांनी देशभर मिळून १८६ आलिशान मोटारी घेतल्या. सुमारे १५० कोटी रुपयांच्या या खरेदीत सुमारे २१ कोटी रुपयांची सूट मिळाल्याचे प्रसिद्ध झाले. घाऊक खरेदीचे बळ काय असते, हे आपल्या समाजाला कोणी शिकवावयास नको. पण मोटारींच्या बाबतीत ते असे आकड्यांत दिसले.

हे पाहून आमच्या काही तरुण बंधूंनी विचारले की, जुन्या मोटारीही अशाच एकगठ्ठा का घेऊ नयेत? याचे उत्तर धान्याच्या बाजारातच आहे. नवी मोटार म्हणजे प्रतवारी झालेला माल. एका पोत्यात जे आहे तेच दुसऱ्यात असणार याची कंपनीने हमी दिलेली असते, म्हणून तेथे संख्येच्या जोरावर भाव पाडता येतो. जुनी मोटार मात्र प्रत्येक एक स्वतंत्र पोते आहे. एकाच वर्षाच्या, एकाच रंगाच्या दोन मोटारींपैकी एक मालकाने जिवापाड जपलेली आणि दुसरी पुराच्या पाण्यात बुडून निघालेली असू शकते. तेथे संख्या उपयोगी पडत नाही, परखी उपयोगी पडते. म्हणून संघाने एकजूट दाखवावयाची असेल तर ती भावासाठी न दाखविता तपासणीसाठी दाखवावी, असे आमचे नम्र मत आहे.

उतरते ती किंमत, खर्च नव्हे

या विषयाचे मर्म एका वाक्यात सांगावयाचे तर असे : मोटारीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. दीड कोटीची मोटार सात-आठ वर्षांनी चाळीस लाखांत मिळाली, तरी तिचा गिअरबॉक्स, तिच्या ब्रेकच्या तबकड्या, तिचे हवेवर चालणारे सस्पेन्शन हे सारे दीड कोटीच्या मोटारीचेच राहते आणि त्याच भावाने येते. बारा सिलिंडरांच्या मोटारीत इंजिन इतके दाटीने बसविलेले असते की, एखादी साधी नळी बदलण्यासाठीही पुष्कळदा ते संपूर्ण खाली उतरवावे लागते. आणि नळीपेक्षा उतरवण्या-चढवण्याची मजुरी अधिक होते.

आता वहीत मांडतो तसा हिशेब मांडून पाहू. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल धरलेले आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालावेत. समजा, मोटार ४० लाखांची आणि वर्षाचे धावणे ६,००० किलोमीटर.

भांडवलावर ९ टक्के व्याज : ३,६०,००० रुपये.
किमतीतील वार्षिक घट १२ टक्के : ४,८०,००० रुपये.
विमा : १,००,००० रुपये.
देखभाल व दुरुस्ती : ३,००,००० रुपये.
टायरांचा वार्षिक वाटा : ५०,००० रुपये.
पेट्रोल, लिटरला ६ किलोमीटर व ११० रुपये दराने : १,१०,००० रुपये.
एकूण : १४,००,००० रुपये.

म्हणजे किलोमीटरला सुमारे २३३ रुपये पडले. सहकुटुंब कुलपाकजीला जाऊन येण्याचे अंतर साधारण १६० किलोमीटर; ती एक यात्रा या हिशेबाने ३७ हजारांवर जाते. लक्षात घ्यावे की, ज्या पेट्रोलची सर्वांना चिंता असते ते या यादीत जवळजवळ तळाशी आहे. सर्वांत मोठ्या दोन रकमा व्याज आणि घट या आहेत, आणि नेमक्या त्याच दिसत नाहीत, कारण त्यांचे बिल कोणी आणून देत नाही. त्यातही आपण धान्याचे व्यापारी. आपले चाळीस लाख हंगामात एकदा फिरून थांबत नाहीत. तुरीची आवक सुरू होण्याच्या वेळी जो रोख मोजू शकतो त्यालाच चांगला माल मिळतो. पेढीच्या फिरत्या भांडवलातून मोटार घेणे म्हणजे बियाण्याचे धान्य दळावयास पाठविणे होय. घ्यावयाचीच असेल तर पेढीबाहेरच्या शिल्लक रकमेतून घ्यावी, आणि किमतीचा एक चतुर्थांश भाग दुरुस्तीसाठी प्रथम दिवसापासून वेगळा ठेवावा. ही चौथाई बाजूला काढल्यावर मोटार परवडत नसेल, तर ती मुळातच परवडत नव्हती असे समजावे.

भावाविषयी आणखी एक गोष्ट. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या नव्या मोटारींवरील वस्तू व सेवा कर उपकरासह ४५ ते ५० टक्क्यांच्या ठिकाणी सरसकट ४० टक्के झाला. नव्याचा भाव उतरला की जुन्याचाही उतरणे भाग असते. त्यापूर्वीच्या भावांच्या आठवणीवर कोणी विक्रेता अडून बसला, तर त्याला हे शांतपणे दाखवून द्यावे.

कागदपत्रांची पारख

मोटार पाहण्यापूर्वी कागद पाहावेत. कागदात खोट असेल तर मोटार पाहण्याचे श्रम वाचतात.

नोंदणी पुस्तकातील चॅसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक प्रत्यक्ष मोटारीवर कोरलेल्या क्रमांकांशी अक्षरशः ताडून पाहावेत. मोटार कितव्या मालकाकडे आहे, कर्जाचा बोजा चढलेला आहे काय, दंडाची चलने थकली आहेत काय, हे परिवहन खात्याच्या संगणकीय नोंदीत पाहता येते. बोजा असल्यास बँकेचे पत्र आणि नमुना ३५ यांशिवाय पुढे पाऊल टाकू नये. विक्रेत्याने नमुना २९ आणि उभयतांनी नमुना ३० भरावयाचा असतो. मोटार परराज्यातील असेल तर तेथील ना-हरकत दाखला, म्हणजे नमुना २८, हवा. आणि बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ ती येथे ठेवावयाची तर तेलंगणात नवा नोंदणी क्रमांक घेऊन येथील आजीवन कर भरणे प्राप्त आहे. 'मोटार स्वस्त आहे' असे म्हणणारे पुष्कळदा हा कर हिशेबात धरीतच नाहीत.

दिल्लीकडून येणाऱ्या मोटारींविषयी विशेष सांगावयाचे ते असे. राजधानी परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ साली निर्बंध आणले, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ते उचलून धरले. २०२५ मध्ये त्यांत काही फेरफार झाले. परंतु मधल्या काळात तेथील अनेक आलिशान डिझेल मोटारी मिळेल त्या भावाने दक्षिणेकडे आल्या. त्यांचा स्वस्तपणा मोटारीच्या दोषामुळे नसून जागेच्या नियमामुळे असू शकतो, हे खरे. तथापि तो स्वस्तपणा आपल्या हाती पोचेपर्यंत किती हातांनी वाटून घेतला, तेही पाहावे.

परदेशातून थेट आलेल्या मोटारीचे बिल ऑफ एंट्री, म्हणजे जकात भरल्याचा कागद, पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. आपल्या देशात पूर्ण बांधणीच्या महागड्या मोटारींवर दीर्घकाळ शंभर टक्क्यांहून अधिक जकात राहिली आहे; त्यामुळे चोरवाटांचा मोह मोठा. २०२५ साली हैदराबादेतीलच एका मोटार व्यापाऱ्यास मोटारींचे मूल्य कमी दाखवून जकात बुडविल्याच्या आरोपावरून महसूल गुप्तवार्ता संचालनालयाने अटक केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केरळात सीमाशुल्क खात्याने 'ऑपरेशन नुमखोर' नावाची मोहीम काढून भूतानमार्गे आणल्या गेल्याचा संशय असलेल्या अनेक मोटारी जप्त केल्या. अशा वेळी मोटार ज्याच्या दारात उभी असते त्याच्याच दारी अधिकारी प्रथम येतात. पैसे प्रामाणिकपणे मोजलेल्या गृहस्थालाही मग कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात.

नाव बदलण्याचे काम तर एक दिवसही लांबवू नये. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५० अन्वये विक्रेत्याने त्याच राज्यात विक्री असल्यास १४ दिवसांत आणि परराज्यात असल्यास ४५ दिवसांत खात्यास कळवावयाचे, आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करावयाचा असतो. 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली असा निर्णय दिला की, मोटार एकामागून एक किती हातांत गेली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीत ज्याचे नाव आहे त्याचीच. म्हणजे घेणाऱ्याइतकाच विकणाऱ्यालाही हा नियम जिव्हाळ्याचा आहे. आपली जुनी मोटार ओळखीच्या माणसाला देऊन 'नाव सावकाश बदला' म्हणणारे आपल्यात थोडे नाहीत. त्यांनी हा निर्णय ध्यानात ठेवावा. विम्याचेही तसेच. त्रयस्थाच्या नुकसानीचा विमा मोटारीबरोबर जातो, पण मोटारीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा आपल्या नावे करून घेतल्याखेरीज मिळत नाही. आणि दावा न केल्याबद्दलची सवलत मालकाची असते, मोटारीची नव्हे.

प्रत्यक्ष तपासणी

मोटार सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. विक्रेत्याने आपण येण्यापूर्वीच ती चालू करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी यावे. सुरू होताना निळसर धूर आला तर इंजिन तेल जाळीत आहे असे समजावे. दाट पांढरा धूर बराच वेळ टिकून राहिला, तर थंडावा देणारे पाणी आत झिरपत असण्याचा संभव असतो. हवेचे सस्पेन्शन असेल तर मोटार रात्रभर एका जागी उभी करून सकाळी तिची चारही चाकांवरील उंची मोजावी. एक कोपरा खचला असेल तर खर्च ठरलेला.

रंगाची जाडी मोजणारे लहानसे यंत्र मिळते. कारखान्यातील मूळ रंग साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन जाडीचा असतो. एखाद्या दारावर आकडा कित्येक शे निघाला तर तेथे भराव घालून रंग दिलेला आहे. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. खाच खोल दिसली तरी सहा वर्षांवरील टायरावर वेगाने जाऊ नये.

धावलेले किलोमीटर दाखविणारा आकडा मागे फिरविणे ही या धंद्यातील जुनी लबाडी. दुरुस्तीच्या नोंदी, प्रदूषण दाखले आणि विम्याचे तपासणी अहवाल यांवरील आकडे तारखेनुसार एका कागदावर लिहून काढावेत; कोठेतरी आकडा मागे गेलेला दिसला की बोलणे संपले. २० हजार किलोमीटर सांगणाऱ्या मोटारीच्या पायपट्ट्या गुळगुळीत आणि आसनाची कड फाटलेली असेल, तर आकड्यापेक्षा आसनावर विश्वास ठेवावा. शिवाय मोटारीतील निरनिराळे संगणक आपापली नोंद ठेवतात. कंपनीच्या यंत्राने त्या वाचता येतात, आणि दोषांची नोंद नुकतीच पुसली असेल तर तेही कळते.

पाण्यात बुडालेली मोटार हा आमच्या मते सर्वांत मोठा धोका. २६ जुलै २००५ ची मुंबई, डिसेंबर २०१५ चे चेन्नई आणि ऑक्टोबर २०२० चे आपले स्वतःचे हैदराबाद यांनी हजारो मोटारी पाण्याखाली पाहिल्या. आलिशान मोटारीत आसनाखाली, गालिच्याखाली, डिकीच्या तळाशी संगणक आणि तारा असतात. पाणी ओसरते, मोटार धुतली जाते, सुगंध मारला जातो. पण गंज आत काम करीतच राहतो. आसनाचा पट्टा पूर्ण ओढून त्याच्या शेवटच्या वितीवर चिखलाची रेषा आहे काय ते पाहावे, गालिचा उचलावा, आसनाचे बोल्ट गंजले आहेत काय ते बोटाने चाचपावे.

आमच्या पुतण्याला अशी मोटार घ्यावयाची होती तेव्हा आम्ही त्याच्याबरोबर तीन मोटारी पाहिल्या. पहिली दोन दारांची, काळीभोर, पाहताच मन जाईल अशी. आम्ही यंत्रातले काही जाणत नाही, म्हणून पट्टा ओढून पाहिला. शेवटी वाळलेल्या गाळाची बारीक रेघ होती. विक्रेता म्हणाला, "शेठ, ती धूळ आहे." आम्ही म्हणालो, "चाळीस वर्षे पोती हाताळली आहेत. धूळ आणि गाळ यांतला फरक बोटांना कळतो." दुसऱ्या मोटारीचे जकातीचे कागद 'पुढच्या आठवड्यात' येणार होते, तो आठवडा आम्ही पाहिला नाही. तिसरी चार दारांची, देशातच जुळणी झालेली, एकाच मालकाची, सर्व नोंदी पाठोपाठ असलेली निघाली. तिचे टायर जुने होते. नव्यांची किंमत भावातून वजा करून घेतली आणि सौदा पुरा केला. पुतण्याचा चेहरा काही दिवस उतरलेला होता, हे खरे. त्याला बारा सिलिंडर हवे होते. पण दिवाळीच्या पाडव्याला वह्यांचे पूजन झाल्यावर त्याने स्वतःच खर्चाचे पान उघडले, वरील पद्धतीने वर्षाचा हिशेब मांडला आणि काही न बोलता आमच्यापुढे ठेवला. त्या पानावर आमच्या सल्ल्याहून अधिक शहाणपण होते.

देणे-घेणे आणि कर

व्यवहार बँकेतूनच करावा. १ एप्रिल २०१७ पासून एका व्यवहारात दोन लाख रुपये अथवा त्याहून अधिक रोख स्वीकारणे आयकर कायद्याने निषिद्ध आहे आणि दंड तेवढ्याच रकमेचा आहे. नोंदणीकृत विक्रेत्याने जुनी मोटार विकल्यास कर पूर्ण किमतीवर नसून त्याच्या नफ्याच्या फरकावर असतो. डिसेंबर २०२४ च्या परिषदेतील निर्णयानंतर तो सर्व प्रकारच्या जुन्या मोटारींस १८ टक्के झाला. एका गृहस्थाने दुसऱ्यास स्वतःची खासगी मोटार विकली तर हा कर नाही. पेढीच्या नावे मोटार घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की, माणसांच्या प्रवासाच्या अशा मोटारीवर भरलेल्या कराचे परत श्रेय आपल्यासारख्या व्यापाऱ्यास मिळत नाही. घसारा मिळतो, तोही व्यवसायासाठी वापर असेल तेवढाच. 'पेढीत घातली की फुकट पडते' ही समजूत निराधार आहे.

मोटार पंधरा वर्षांच्या जवळ आली असेल तर पुनर्नोंदणीचाही विचार करावा. १ एप्रिल २०२२ पासून साध्या मोटारीस त्याचे शुल्क ५,००० रुपये, तर आयात मोटारीस ४०,००० रुपये झाले. वीस वर्षांवरील मोटारींस पुढे ते आणखी वाढविण्यात आले. पन्नास वर्षांवरील मोटारींची व्यवस्था मात्र निराळी आहे. त्यांना २०२१ च्या नियमांनुसार वारसा-वाहन म्हणून स्वतंत्र क्रमांकमालिका मिळते. पण त्या रोजच्या वापरासाठी अथवा धंद्यासाठी नसतात.

घरातील दोन प्रश्न

या मोटारींची आसने बहुधा चामड्याची असतात; बेंटलेसारख्या मोटारीत तर दारे आणि छतापर्यंत चामडे मढविलेले असते. आपल्या घरांतून हा प्रश्न हमखास निघतो आणि तो निघावाच. काही जर्मन मोटारींत कृत्रिम चामड्याची आसने मूळचीच येतात. अशी मोटार शोधल्यास मिळते. जुनी वस्तू घेतल्याने नवी हिंसा होत नाही असे काहींचे म्हणणे, तर मागणी ही मागणीच असे इतरांचे. हा निर्णय प्रत्येक घराने घ्यावा. मात्र तो बयाणा देण्यापूर्वी घ्यावा. घरी आणल्यावर आजीने मोटारीत बसण्यास नकार दिला, तर त्या खरेदीत आनंद तो कोणता?

दुसरा प्रश्न उपयोगाचा. नेहरू बाह्यवळण मार्ग १५८ किलोमीटरचा आहे, सोलापूरवरून पुण्यापर्यंतचा रस्ताही चांगला झाला आहे. तेथे अशी मोटार आपला गुण दाखविते. परंतु बेगम बाजाराच्या गल्लीत हातगाडीमागे उभी राहिली की बारा सिलिंडर आणि दोन सिलिंडर सारखेच. ज्याचा बहुतेक प्रवास घर ते गंज एवढाच असेल त्याने वर्षातून किती दिवस ही मोटार खरोखर मोटारीसारखी चालेल, हे बोटांवर मोजून पाहावे.

संघाकडे एक सूचना

शेवटी एक विनंती. आपल्या सभासदांपैकी अनेकांनी अशा मोटारी घेतल्या आहेत. कोणत्या बनावटीस वर्षाला किती खर्च आला, कोणता भाग कितव्या वर्षी गेला, कोणत्या कारागिराचे काम टिकले, याची एक साधी वही संघाच्या कार्यालयात ठेवावी. नवी खरेदी करणाऱ्याने ती पाहावी आणि वर्षअखेर आपलीही नोंद तीत करावी. रंगाची जाडी मोजण्याचे यंत्र आणि संगणकातील दोष वाचण्याचे यंत्र संघाने विकत घेतल्यास त्यांचा खर्च एका वाचलेल्या सौद्यात भरून निघेल. बाजारभावाचा फलक आपण सर्वांसाठी लावतो, तशीच ही वही सर्वांसाठी असावी. तरुणांनी मोटार जरूर पाहावी, वडिलांनी तरुणांबरोबर जरूर जावे. आणि सौदा ठरो वा मोडो, हिशेब दोघांनी मिळून मांडावा, एवढेच सुचवून आम्ही सभासद बंधुभगिनींचा निरोप घेतो.